मामंजींचा कान आणि जगाची प्रगती

११ डिसेंबर. काम : मामंजींच्या कानातला मळ काढून आणणे.

दिवाळीपासून हे काम मी पुढे ढकलत होते. त्या दिवशी कॉलेजात रजा टाकली, मामंजींना मफलर गुंडाळला, अहिल्याबाई घाटामागच्या आमच्या गल्लीतून हाताला धरून मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत आणलं, ई-रिक्षात बसवलं आणि कानाच्या डॉक्टरांपुढे नेलं. मळच आहे याबद्दल मला काडीची शंका नव्हती. दोन आठवडे मी त्यांच्या कानात कोमट तेल घालत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, काही नाही हो, मळ साचलाय. डॉक्टरांनी दोन्ही कानांत दिवा लावून पाहिलं.

"कान तो एकदम साफ़ है," ते म्हणाले. "ये तेल किसने डाला?"

मी भिंतीवरचं कानाचं चित्र अभ्यासू लागले.

"काय म्हणतात?" मामंजींनी विचारलं.

"तेल घालू नका म्हणतात," मी ओरडून सांगितलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे. घरीच शुक्ल यजुर्वेदाची संथा देतात. गुरूंनी एक ओळ म्हणायची, शिष्यानं त्यांच्यामागून म्हणायची, चुकली की तिथंच थांबवायचं आणि पुन्हा म्हणायची, अशी ही पद्धत. पुस्तक मध्ये येत नाही. आमच्या शाखेत तोंडाबरोबर हातही चालतो. स्वर उतरला की हात खाली, चढला की वर, आणि काही ठिकाणी बाजूला. पूर्वी आमच्या पुढच्या खोलीत मुलं दाटीवाटीनं बसायची. मग राहण्या-जेवणाची सोय असलेल्या पाठशाळा निघाल्या आणि मुलं तिकडे गेली. मीही मूल असते तर तिकडेच गेले असते, कारण आमच्याकडे संथेबरोबर फक्त चहा मिळतो.

उरला एक शिष्य. तोही चाळिशी गाठलेला, पुण्याचा, सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून आलेला. राजा घाटाजवळ खोली घेऊन दोन वर्षं राहत होता आणि रोज सकाळी न चुकता येत होता. मी मनातल्या मनात त्याला वानप्रस्थी म्हणायचे. दिवाळीत हा वानप्रस्थी तीन आठवडे पुण्याला गेला, तेव्हा मामंजी दुपारपर्यंत आंघोळीला उठेनात. जेवायला बोलावलं तर यायचे, चार घास खायचे आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचे. आमचे हे गोरखपूरला रेल्वेत, शनिवारी येतात आणि रविवारी जातात, त्यामुळे त्यांना ते फक्त 'थकलेत' असं दिसलं. मला रोज दिसत होतं. शिष्य परत आला आणि दुसऱ्या दिवशी मामंजी पहाटे उठून शेंडीला गाठ मारून तयार.

पण आल्यावर चार दिवसांनी शिष्य स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून हळूच म्हणाला, "वहिनी, गुरुजींना माझे प्रश्नच ऐकू जात नाहीत. असंच राहिलं तर मला दुसरे गुरुजी बघावे लागतील."

म्हणजे कान गेला तर शिष्य जाणार, आणि शिष्य गेला तर मामंजी भिंतीकडे वळणार. म्हणून ते तेल.

मी मुलींच्या इंटर कॉलेजात भूगोल शिकवते. बारावीला 'मानव विकास' नावाचा धडा आहे. लोक किती जगतात, किती शिकतात, किती बरं खातात यावरून जगाचं कसं चाललंय ते ठरवायचं. हा धडा मी इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवलाय की जगाचं बरं चाललंय हे मला स्वतःचं कर्तृत्व वाटायला लागलंय. शिष्याचं मत नेमकं उलटं. त्यामुळे संथा संपली की चहाबरोबर आमचा वाद ठरलेला. मामंजी मध्ये बसून दोघांकडे आलटून पालटून बघायचे आणि अधूनमधून मान डोलवायचे. त्यांना काही ऐकू येत नाही हे माहीत असूनही आम्ही दोघं ती मान आपापल्या बाजूला धरायचो.

"जीवनमान वाढलं असेल वहिनी," शिष्य म्हणायचा, "पण माणूस सुखी आहे का? पुण्यात माझ्या सोसायटीत पोहण्याचा तलाव होता. दोन वर्षांत एकदा पाय बुडवला."

"मग बुडवायचा होता रोज. त्यात जगाचा काय दोष?"

"हवा बघा. नदी बघा. आवाज बघा. इथे हिवाळ्यात नदीपलीकडचं रामनगर दिसत नाही."

"माझ्या लहानपणीही दिसायचं नाही. तेव्हा आम्ही त्याला धुकं म्हणायचो."

"आणि आता?"

"आता धूर म्हणतो. पण कळलं तरी ना, धूर आहे ते?"

हे उत्तर मला देतानाच लंगडं वाटलं होतं, पण वादात मी मागे फिरत नाही. मी मग नेहमीच्या ठिकाणी जायचे. सासूबाईंची दोन मुलं एकाच उन्हाळ्यात जुलाबानं गेली. आज मीठ-साखरेचं पाणी कुठलीही आई देते. याला प्रगती म्हणायचं नाही तर काय? यावर शिष्य कपात बघायचा, आणि मीही. कारण सासूबाईंनी ती गोष्ट मला एकदाच, तांदूळ निवडताना, मान वर न करता सांगितली होती आणि मी ती चहाबरोबर रोज वापरत होते.

"तुमचं मराठी फार गोड आहे वहिनी," असं म्हणून शिष्य विषय बदलायचा. आमच्या मराठीत पाऊण हिंदी असतं आणि पुण्याची माणसं त्याला गोड म्हणतात. मी एवढीही भोळी नाही.

तर डॉक्टर म्हणाले की वयानं नस अशक्त झालीय, यंत्र लावा. मला तर हर्षच झाला. एकाच वस्तूत मामंजींचं काम, शिष्याची सोय आणि माझा मुद्दा, तिन्ही. पूर्वी माणूस बहिरा झाला की त्याला कोपऱ्यात बसवत. आता बोराएवढं यंत्र कानामागे अडकवा की झालं. दोन दिवसांत यंत्र आलं. ते लावून दिलं त्या संध्याकाळी मी शिष्याला फोन करून सांगितलं, "उद्या गुरुजी तुमचं सगळं ऐकणार. मग बोलू आपण जगाबद्दल."

यंत्र लावून मामंजी घरात आले आणि घर ऐकू लागले. फ्रीज घुरघुरतो हे त्यांना माहीतच नव्हतं. न्हाणीघरातला नळ ठिबकतोय हे मला माहीत होतं, त्यांनी मला उठवून तो बंद करायला लावला. खालून लग्नाची वरात गेली तेव्हा त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"हे रोज असतं?"

"लगनसराईत रोज."

"आणि तुम्ही लोक राहता?"

पण खरी पंचाईत वेगळीच निघाली. गेली काही वर्षं मी मामंजींच्या समोर त्यांच्याबद्दल बिनधास्त बोलत होते. म्हणजे वाईट नाही, पण 'आता हे अर्धा तास दात शोधणार' किंवा 'झालं सुरू', अशा जातीचं. त्या संध्याकाळी ते पाट शोधत होते आणि मी भाकरी थापता थापता म्हणाले, "पाट तिथंच असणार, पण बघतील तर ना."

"बघतोय," मामंजी मागून म्हणाले. "तू इतकी बोलतेस होय?"

भाकरीला भोक पडलं. त्या दिवसापासून मी मनात बोलायला शिकतेय. पन्नाशीनंतर नवीन सवय लागायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य आला. मी मुद्दाम पहिला चहा संथेच्या आधीच करून ठेवला आणि दाराआड उभी राहिले. गेली काही वर्षं मला पुढच्या खोलीतलं काही ऐकू येत नाही, कारण गॅसवर बसवलेली चिमणी विमानासारखी चालते आणि कुकर शिट्ट्या देतो. त्या दिवशी दोन्ही बंद होतं. मामंजींनी एक ओळ म्हटली. शिष्यानं म्हटली. हात काय सुंदर चालला त्याचा. खाली, वर, बाजूला, पाण्यावरून होडी गेल्यासारखा.

मामंजी थांबले. "पुन्हा," म्हणाले.

शिष्यानं पुन्हा म्हटली.

"पुन्हा."

असं किती वेळा झालं कोण जाणे. मग मामंजी म्हणाले, "हात मांडीखाली घ्या आणि म्हणा."

शिष्यानं हात मांडीखाली घेतला आणि म्हटली. लग्नानंतर कित्येक वर्षं मी या खोलीतून येणारा आवाज ऐकलाय. मला त्यातला अर्थ कळत नाही, पण चढउतार कानाला ओळखीचा आहे. शिष्याच्या आवाजाला चढउतार नव्हताच. रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगतात तशी ती ओळ एका पातळीवरून सरळ निघून गेली.

मामंजींनी यंत्र काढलं, उलटसुलट केलं आणि मला हाक मारली. "सूनबाई, हे खराब आहे. सूर खातंय. आज संथा नाही."

त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी त्यांना पुन्हा यंत्राच्या दुकानात नेलं. मलाही वाटत होतं, बिघाडच असणार. किंबहुना तसं असावं अशी माझी फार इच्छा होती. तिथल्या माणसानं यंत्र तारेला जोडलं, तपासलं आणि म्हणाला, "मशीन में कोई दिक़्क़त नहीं है, बाबूजी." मामंजींनी ते लावलं, डोळे मिटले आणि तिथंच खुर्चीत बसून मोठ्यानं दोन ओळी म्हटल्या. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी हात जोडले. एका बाईंनी त्यांच्या पाया पडायला नातवाला पुढे ढकललं.

"माझं मला बरोबर ऐकू येतंय," मामंजी म्हणाले. "चल."

रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर म्हणाले, "दोन वर्षं मी त्यांचा हात ऐकत होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिष्याला समोर बसवून सांगितलं. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. हात उत्तम आहे, स्वर एकही नाही, पहिल्या अध्यायापासून सुरुवात करू.

"गुरुजी, दोन वर्षं झाली," शिष्य म्हणाला.

"हो. चूक माझी. ऐकू येत नव्हतं ते मी सांगितलं नाही."

"पण तुम्ही मान डोलवत होतात."

"मान मी सगळ्यालाच डोलवत होतो."

हे ऐकून मी दाराआड गार झाले. इतके दिवस आमच्या वादात जे काही मी जिंकले होते ते सगळं त्या मानेवर होतं.

शिष्य उठला. जाताना स्वयंपाकघराशी थांबला. हा हातही त्यानं आरशासमोर उभं राहून, व्हिडिओ बघून बसवला होता, असं म्हणाला. मग म्हणाला, "बघा वहिनी, तुमची प्रगती. यंत्र नव्हतं तोवर गुरुजी होते, शिष्य होता, संथा चालू होती."

वाद घालायच्या ऐवजी मी चहा घ्या म्हटलं, तर तो घेतला नाही.

मामंजी पुढच्या खोलीत गेले, यंत्र काढून डबीत ठेवलं आणि आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून. दुपारी मी कॉलेजातून आले तरी तसेच. मी डबी घेऊन त्यांच्याशेजारी बसले, यंत्र त्यांच्या कानाला लावलं आणि मला जे सुचलं ते बोलले. ते लिहिताना आजही लाज वाटते, पण लिहिते.

"मामंजी, संथेच्या वेळी हे काढूनच ठेवा ना. पूर्वीसारखं चालू दे. त्यांना कळत नव्हतं, तुम्हाला कळत नव्हतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं."

बारावीच्या मुलींना जगाची चढती रेघ फळ्यावर काढून दाखवणारी मी. पहिली अडचण आली तशी रेघ पुसून म्हाताऱ्याला पुन्हा बहिरं व्हायला सांगत होते.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, ऐकलं ते ऐकलं," म्हणाले. "आता मान कशी डोलवू?"

मी उठले, चप्पल घातली आणि राजा घाटाकडे चालू लागले.

शिष्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. पलंगावर बॅग उघडी, अर्धी भरलेली. तो कॉफी करत होता. वानप्रस्थाला निघताना त्यानं पुण्याहून कॉफीचं फिल्टर मात्र आणलेलं होतं. मला एक पेला दिला.

"समजूत घालायला आलात?"

"नाही. कधी निघताय ते विचारायला. दूधवाल्याला सांगायचंय, अर्धा लिटर कमी कर म्हणून."

तो हसला नाही. मी खरंच दुधाचा विचार करत होते, तो भाग वेगळा.

मग तोच बोलायला लागला. कंपनीत दरवर्षी त्याच्या कामावर शेरा यायचा, अपेक्षेपेक्षा उत्तम. सगळ्यांना तोच शेरा यायचा. काम वाचणारा कुणी नव्हता. ते नको झालं म्हणून इथे आला. आणि इथेही दोन वर्षं नुसतीच मान डोलली.

"मग आज काय झालं?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आज कुणीतरी ऐकलं ना. ऐकून सांगितलं, चुकलंय म्हणून. मामंजी असं गेल्या कित्येक वर्षांत कुणाला बोललेले नाहीत. बोलणार कसे? तुम्ही पहिले. आणि तुम्ही कुठे निघालात, तर पुण्याला. तिथे शेरा तयारच आहे."

"चाळिसाव्या वर्षी पहिल्या अध्यायापासून?"

"ऐंशीच्या वर झाल्यावर ते परत पहिल्यापासून शिकवायला तयार आहेत. घाई तुम्हाला कसली आहे? ती तर सोडून आला होतात."

तो फिल्टर विसळायला लागला. मीही थांबले नाही, कारण मला आणखी चांगलं काही सुचणार नव्हतं, आणि कॉफी फार कडू होती. मी उठताना त्यानं विचारलं, "वहिनी, खरं सांगा. जगाचं बरं चाललंय असं तुम्हाला अजून वाटतं?"

"वाटतं," मी म्हटलं. "पण आता मला त्याचा त्रासही व्हायला लागलाय."

बॅगेचं काय झालं ते मला जिना उतरताना माहीत नव्हतं. घरी येऊन मामंजींना काही सांगितलं नाही. दोन घास जास्त वाढले, ते त्यांनी परत केले. गोरखपूरला फोन केला तर आमचे हे म्हणाले, "यंत्र परत घेतात का बघ." प्रगतीवरचा विश्वास आमच्या घरात कुणाचाच फार टिकाऊ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध नेहमीइतकंच घेतलं. मामंजी उठले नव्हते. मी पोळ्यांची कणीक भिजवत असताना खाली दाराची कडी वाजली आणि शिष्य आला. माझ्याकडे न बघता पुढच्या खोलीत जाऊन बसला आणि आपणहून दोन्ही हात मांडीखाली घेतले. मी मामंजींना हलवून जागं केलं, डबी हातात दिली. आंघोळ करून ते बाहेर येईपर्यंत तो तसाच बसून होता. मग पहिल्या अध्यायाची पहिली ओळ झाली. मामंजींनी थांबवलं. पुन्हा झाली, पुन्हा थांबवलं. मी पोळ्या लाटल्या, डबा भरला, साडी नेसले, तरी पहिली ओळ चालूच होती. मग यंत्र टुक् टुक् करायला लागलं.

"हे काय म्हणतंय?" मामंजी वैतागून म्हणाले.

सेल संपत आला होता. दुकानदारानं सांगितलेलं असणार, पण तेव्हा मी शिष्याला काय काय सुनवायचं याची जुळवाजुळव करत होते. मी डबा तसाच ओट्यावर ठेवला, गल्लीतून जवळजवळ पळत मोठ्या रस्त्यावर आले आणि औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं तिथे वाकून उभी राहिले. तिथल्या माणसाला बोटानं आकार दाखवला, शर्टाच्या बटणाएवढा. एक पाकीट त्यानं दिलं. मी सगळी द्या म्हटलं.